नानांची गुडघ्याची पुडी, कारल्याचा रस आणि डॉक्टरांपासून लपवालपवी, काय करावं?

इंदिरानगरी
नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे, आधीच सांगून ठेवते.

माझे वडील (घरीदारी सगळे नानाच म्हणतात) ७४ वर्षांचे, प्रेसमधून रिटायर, आई गेल्यापासून आमच्याकडे नाशकात इंदिरानगरला असतात. शुगर जुनी, बीपी आहे, काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट पडलाय. गोळ्या म्हणाल तर शुगरची मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड एकत्र गोळी, बीपीची टेल्मिसार्टन, रात्री कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल. या गोळ्या ते अगदी वेळेवर घेतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं हे की त्याच्या जोडीला घरात दुसरा दवाखाना चालू आहे. उठल्याउठल्या तांब्याच्या लोट्यातलं पाणी, मग ट्रॅकवर फिरायला गेले की बाहेरच्या गाडीवर कारलं-दुधी-जांभूळ मिक्स रस, घरी येऊन गुळवेलीचा काढा (गुळवेल बुधवारच्या बाजारातून, गंगेवरून म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठावरून आणतात, कांड्याच कांड्या, आमच्या बाल्कनीत कपड्यांना जागा नाही), दुपारी त्या काटेरी ॲक्युप्रेशरच्या चपला घालून हॉलमध्ये फेऱ्या, चार वाजता गरम मसाज बेडचं सेंटर, तिथे फुकट झोपवतात आणि सगळी मित्रमंडळी तिथेच जमते. अंगाला खाज सुटते त्याला होमिओपॅथीच्या साबुदाणा गोळ्या वेगळ्या.

आणि सगळ्यात लाडकी म्हणजे गुडघ्याची पुडी. एका मंगल कार्यालयात शिबिर होतं तिथे सुरू झाली, आता दर महिन्याला एक माणूस येतो आणि महिन्याभराच्या पुड्या देऊन जातो. पिवळट राखाडी पावडर, कागदाची घडी, वर नाव नाही गाव नाही. काय आहे विचारलं तर "जडीबुटी, शंभर टक्के आयुर्वेदिक, साईड इफेक्ट झिरो".

आता पंचाईत अशी की पुडीने गुण आलाय! दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच नाना जिना चढायला लागले, भूक वाढली, चेहरा भरला, मावशी लग्नात भेटली तर म्हणाली दाजी एकदम तुकतुकीत दिसताय. मग मी कोणत्या तोंडाने बोलू. पण शुगर ऐकत नाहीये, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) मागच्या वेळी ७.४ होतं ते आता ९.३ आलं. डॉक्टर म्हणाले गोड वाढलंय वाटतं, नाना म्हणाले हो साहेब. गोड कुठलं, चहासुद्धा बिनसाखरेचा पितात. वरच्या यादीतलं एक अक्षर डॉक्टरांना माहीत नाही, आणि मी तोंड उघडलं की केबिनमध्येच असे डोळे वटारतात की मी पुन्हा चौथीत.

तर यातलं काय चालू राहिलं तर चालेल आणि काय खरंच धोक्याचं आहे? आणि त्यांना डॉक्टरांसमोर बोलतं कसं करायचं? कृपा करून नुसतं "सगळं बंद करा" सांगू नका, ते होणार नाहीये.

तिखटमीठ
सगळं बंद करा. 😀
सिरियसली, होमिओपॅथीचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलंय की एकाही आजारावर ती परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. तांब्याचं पाणी, काटेरी चपला, सगळी करमणूक. शिकलेली माणसं हे करतात याचंच आश्चर्य वाटतं.

काउंटरच्या पलीकडून
ताई, बाकी सगळं घटकाभर बाजूला ठेवा आणि आधी पुडीचं बघा. मी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही, पण काउंटरवर उभं राहून केस पांढरे झालेत.

तुम्ही स्वतःच लिहिलंय ते परत वाचा. दुसऱ्या दिवशी गुण, भूक वाढली, चेहरा भरला, शुगर चढली. हे सगळं एकत्र दिसलं की पहिली शंका स्टिरॉइडची येते. गुडघ्याच्या निनावी पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, नाहीतर डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर कुटून घातलेली सापडणं हे आपल्याकडे काही नवीन नाही. तुमच्या पुडीत तेच आहे असं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण झिजलेल्या गुडघ्याला दोन दिवसात जिना चढवणारी जडीबुटी मी तरी अजून बघितलेली नाही.

आता नीट वाचा. पुड्या आज रात्री उचलून कचऱ्यात टाकू नका. स्टिरॉइड महिनोन्महिने पोटात जात असेल तर किडनीच्या वर ज्या ॲड्रिनल ग्रंथी असतात त्या स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवणं कमी करतात, बाहेरून मिळतंय ना मग कशाला, आणि अशा वेळी एकदम तोडलं की बीपी पडतं, उलट्या, चक्कर, माणूस गळून जातो, आयसीयूची वेळ येऊ शकते. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं. म्हणून पुडी खिशात घाला आणि उद्या-परवा डॉक्टर गाठा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

दुसरं, पुडीत पेनकिलर असेल तर ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलवर असलेल्या माणसाच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो. संडास डांबरासारखी काळी झाली तर घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि टेल्मिसार्टन चालू असताना पेनकिलर रोज म्हणजे किडनीवर दुहेरी भार, तेव्हा किडनीची क्रिएटिनिन टेस्ट पण करून घ्या.

कारल्याचं एवढंच सांगतो, आत्ता शुगर वर आहे म्हणून ते झाकलं जातंय. पुडी उतरायला लागली की शुगरही उतरेल, पण ग्लिमेपिराइडचा डोस तोच राहिला आणि वरून कारलं-जांभूळ चालू राहिलं तर एखाद्या पहाटे घाम फुटून हातपाय थरथरतील. घरात ग्लुकोमीटर असेलच, त्या दिवसांत जास्त वेळा बोट टोचा.

आजी ऑनलाइन
मी ७३ वर्षांची, गंगापूर रोडला राहते, तेव्हा नानांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिते.

तिखटमीठ, तुमचं वय काय हो? गुडघा दुखला की रात्री कुशीवर वळताना काय होतं ते तुम्हाला कळायला अजून पंचवीस वर्षं आहेत. शिकलेली माणसं हे का करतात तर दुखतं म्हणून करतात. आमच्या हाडाच्या डॉक्टरांनी फोटो बघितला, म्हणाले वयोमानानुसार आहे, ऑपरेशन करायचं तर सांगा. चार मिनिटं. मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. वैद्यांकडे जाते ते विचारतात झोप लागते का, पोट साफ होतं का, मन कशात रमतं. औषधाने किती बरं वाटतं आणि विचारल्याने किती, हे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नाही.

इंदिरानगरी बाळ, नाना लपवत नाहीत गं. म्हणजे पुडी लपवत असतील, पण बाकीचं नाही. डॉक्टर विचारतात "अजून काही औषधं चालू आहेत का?" आणि मी सुद्धा नाही म्हणते, खोटं बोलत नाही मी, कारण सुंठ, ओवा, काढा, रस हे आमच्या लेखी औषध नाहीच, ते खाणंपिणं झालं. औषध म्हणजे ज्याची पावती मिळते ते. म्हणून तू विचारताना औषधाचं नाव काढू नकोस. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत तोंडात काय काय जातं ते विचार, आणि तपासणीच्या सुरात नाही, एक दिवस त्यांच्याबरोबर ट्रॅकवर जा, तो रस तूही घे, सेंटरला जा. आपोआप सगळं बोलतील.

मसाज बेडच्या सेंटरबद्दल माझा अनुभव सांगते. तिथे खुर्च्यांवर रांगेत बसून नंबर येईपर्यंत तासभर गप्पा होतात, तिथल्या मुली नावाने हाक मारतात, टाळ्या वाजवून गाणी म्हणायला लावतात. शेवटी बेड विकायचाच असतो, आम्हाला कळत नाही असं नाही. मी किंमत ऐकली आणि गाणी म्हणून घरी आले. 😄 एकट्या माणसाला चार वाजता जायला जागा लागते, ती काढून घेऊ नका. फक्त शुगरवाल्यांच्या पायाला चटका कळत नाही, त्यामुळे पायाखालची ती गरम पट्टी लावू देऊ नका. आमच्या भजनी मंडळातल्या एकीला टाचेला फोड आला आणि तिला तो मोजा काढल्यावर दिसला.

काटेरी चपला मात्र काढून टाका गं बाई. नुसत्या गुडघेदुखीवाल्याने घातल्या तर घालू दे, शुगरवाल्याने नको. जखम झालेली कळत नाही आणि भरतही नाही.

पंचवटीतला वैद्य
बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) आहे, पंचवटीत प्रॅक्टिस करतो. पुडीबद्दल मेडिकलवाल्या दादांनी लिहिलंय त्याच्याशी पूर्ण सहमत. राग खरं तर आम्हाला जास्त यायला हवा, कारण माल त्यांचा आणि नाव आयुर्वेदाचं जातं.

"साईड इफेक्ट झिरो" हे आयुर्वेद कधीच म्हणत नाही हो. चरकसंहितेत स्वच्छ सांगितलंय की युक्तीने वापरलं तर तीव्र विषसुद्धा उत्तम औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर औषधाचंही विष होतं. त्रिभुवनकीर्ती घ्या, घराघरात सर्दी-तापाला घेतात, त्यात शोधित (शुद्ध केलेला) बचनाग, म्हणजे मुळात विषारी मूळ, असतो आणि हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज. शोधन नीट झालं, मात्रा नीट असली, मोजक्या दिवसांसाठी असलं तर गोष्ट वेगळी, पण पेशंट आपल्या मनाने पावसाळाभर खातात. अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती, २००८ साली जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं, साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आमच्यातले काही जण यावर चिडतात, मला चिडण्यासारखं वाटत नाही, तपासलं तर बरंच आहे.

गुळवेलीबद्दल. कोविडच्या काळात लोकांनी बेसुमार काढे प्यायले आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटमध्ये लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद बाजूला ठेवा, पण मंत्रालयाचा मुद्दा खरा धरला तर बाजारातून आणलेल्या वाळक्या कांड्या नेमक्या कुठल्या वेलीच्या हे नाना कसं ओळखणार? माझं मत, सध्या काढा थांबवा, एसजीपीटी ही लिव्हरची टेस्ट करून घ्या, आणि घ्यायचाच असेल तर पुढे ठरावीक दिवसांसाठी, वैद्याला विचारून. कायमचा चहा असल्यासारखा नाही.

एक मुद्दा पुडीवाल्यांच्या बाजूनेही मांडतो, म्हणजे गैरसमज नको. नोंदणी असलेला वैद्य स्वतः औषध बनवून स्वतःच्या पेशंटला पुडीत देऊ शकतो, त्याला परवानगी आहे, मीही देतो. पण मग तो वैद्य कोण, त्याचा महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा रजिस्ट्रेशन नंबर काय, कागदावर औषधाचं नाव लिहून देतो का? माझ्या पेशंटला काही झालं तर तो पंचवटीत येऊन माझी कॉलर धरू शकतो. मंगल कार्यालयातला माणूस महिन्यातून एकदा येतो आणि हॉल रिकामा झाला की तुम्ही कोणाला शोधणार? आणि शिबिराच्या पॅम्फ्लेटवर "मधुमेह मुळापासून बरा" असं काही छापलं असेल तर जपून ठेवा, अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

गुडघ्याला काय करायचं हेही सांगतो, नाहीतर पुडी काढली आणि दुखणं परत आलं की नाना परत तिथेच जाणार. कोमट तिळाच्या तेलाचं हलकं मालिश, शेक (पाणी किती गरम आहे ते आधी तुम्ही हात घालून बघायचं), खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम, वजन असेल तर उतरवणं, आणि फिजिओथेरपिस्ट. मांडीचा स्नायू तयार झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो, इथे आमचं आणि ॲलोपॅथीचं काही भांडण नाही.

सातपूरकर
थोडं विषयांतर पण लिहितोच कारण नाशकात हे फार आहे. माझे चुलते ६८ चे, डोळे पिवळे झाले, लगेच सगळे म्हणाले काविळीचं गावठी औषध, त्र्यंबक साईडला एक जण देतो, गळ्यात माळ घालतात, माळ लांब झाली की कावीळ उतरली, मुळीचा रस पाजतात, तेल-मीठ बंद. आमच्या लहानपणी सगळ्यांना यानेच "गुण" आलेला कारण ती व्हायरसची कावीळ असायची आणि बहुतेक पोरांची ती काही आठवड्यांत आपली आपणच जाते, माळ घाला नाहीतर नका घालू. पण चुलत्यांची माळ लांब होत गेली आणि डोळे अजून पिवळे, अंगाला खाज, लघवी चहासारखी. शेवटी सोनोग्राफी केली तर पित्ताच्या नळीत खडा अडकलेला, दुर्बिणीतून काढावा लागला. उतारवयातली कावीळ ही खड्याची असू शकते, गाठीचीही असू शकते, त्यामुळे आधी सोनोग्राफी आणि मग माळ घाला काय घालायची ती.

ताई, तुम्ही नानांना खाज सुटते लिहिलंय आणि साबुदाणा गोळ्या चालू आहेत, खाज कशाची आहे ते कोणी बघितलंय का? शुगरची असेल, कोरडी कातडी असेल, पण वैद्यांनी लिव्हरची टेस्ट सांगितलीच आहे तर त्यात बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारा आकडा, तोही बघून घ्या.

तिखटमीठ
आजी, वय ४६, पंचवीस वर्षं नाही पण मुद्दा पोचला. 🙏
भरपाई म्हणून कामाचं काहीतरी देतो. त्या गाडीवरच्या मिक्स रसात दुधी आहे ना, ते तेवढं सोडवा. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली होती. त्यांनी सांगितलं ते सोपं आहे, रस काढायच्या आधी दुधीचा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नका. आता कारल्यात मिसळल्यावर दुधी कडू होता की नव्हता हे देवाला तरी कळेल का? प्यायचाच असेल तर घरी, चाखून, एकटा दुधी.

आणि डॉक्टरांना न सांगण्याचं म्हणाल तर ते फक्त आपल्या म्हाताऱ्यांचं नाही. अमेरिकेत १९९० मध्ये सर्वे झाला होता, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९३ ला छापून आला, तीनातला एक जण असलं काही ना काही वापरत होता आणि त्यातल्या ७२ टक्के लोकांनी आपल्या डॉक्टरला सांगितलेलंच नव्हतं. तिथे तर सगळ्या वयाचे लोक होते.

आजी ऑनलाइन
शेहेचाळीस म्हणजे पोरगाच आहेस. माफ केलं.
ज्येष्ठमध राहिलं बघा. खोकल्याला सगळ्यांच्या तोंडात काडी असते. आमच्यातल्या एकीचं बीपी काही केल्या खाली येईना, गोळी वाढवली तरी नाही, शेवटी तिच्या सुनेने डॉक्टरांना सांगितलं की या दिवसभर ज्येष्ठमध चघळतात.

काउंटरच्या पलीकडून
बरोबर आजी, ज्येष्ठमधाने बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं, पाणी काढायची गोळी चालू असेल तर अजूनच. एक-दोन दिवस घसा दुखला म्हणून काडी चघळली तर एवढं काही नाही, रोजची नको.

इंदिरानगरी
सगळ्यांना खूप थँक्यू. अपडेट देते.

आजींचं ऐकलं, रविवारी नानांबरोबर ट्रॅकवर गेले, रस घेतला (भयंकर!), आणि परत येताना बाकावर बसून ते आपणहून बोलायला लागले. पुडी रोज एक नाही तर जास्त दुखलं की दोन, लग्नाच्या आठवड्यात तीन-तीन. मग घरी येऊन हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. मेडिकलवाल्या दादांच्या पोस्टला गप्प बसले, आजींच्या पोस्टला हसले, आणि वैद्यबुवांचं "हॉल रिकामा झाला की कोणाला शोधणार" ऐकून स्वतःच उठून डबा घेऊन आले. अट एकच, सेंटर बंद करायचं नाही. मान्य केलं, गरम पट्टीशिवाय.

डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. पुडी उघडून बघितली, दंडावरचे निळे डाग बघितले जे मी स्टेंटच्या गोळ्यांमुळे समजत होते, आणि म्हणाले शंका रास्त आहे. आपल्या मनाने बंद करायचं नाही, पुडीच्या जागी त्यांनी मोजून स्टिरॉइडची गोळी लिहून दिलीय ती हळूहळू कमी करत जायची. सकाळी आठची कॉर्टिसॉल, क्रिएटिनिन, लिव्हर सगळं करायला सांगितलंय, रिपोर्ट यायचेत. गुळवेल आणि रस बंद. तांब्याचा लोटा राहू दे म्हणाले. साबुदाणा गोळ्यांवर नुसते हसले, पण खाजेसाठी स्किनवाल्यांकडे पाठवलंय.

आता नवीन प्रश्न. त्या शिबिरातून नानांच्या ग्रुपमधले बरेच जण पुड्या घेतात आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात परत येणार आहे. तक्रार कुठे करायची? नाना म्हणतात मी सगळ्यांना सांगतो फेकून द्या म्हणून.

काउंटरच्या पलीकडून
नानांना थांबवा!! फेकून द्या असं अजिबात सांगायचं नाही, आपापल्या डॉक्टरकडे पुडी घेऊन जा एवढंच सांगू दे, नाहीतर अख्खा ग्रुप एकाच दिवशी आडवा होईल.

तक्रार एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, त्यांचं ऑफिस नाशकात आहे. न उघडलेल्या पुड्या, पॅम्फ्लेट, हॉलचा पत्ता, येण्याची तारीख लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या. तो यायच्या आधी दिलात तर त्यांना तिथेच सॅम्पल घेता येईल, घरातल्या उघड्या डब्यापेक्षा ते बरं. तुमच्या एकटीच्या नावापेक्षा तीन-चार घरांच्या सह्या असल्या तर अजून चांगलं.

पंचवटीतला वैद्य
अर्जात मसुद्याला मदत लागली तर सांगा, लिहून देतो. रिपोर्ट आले की इथे टाका.

तिखटमीठ
ताई, त्या डॉक्टरांचं नाव व्यनि (खाजगी मेसेज) कराल का? न ओरडणारे हवेत. आमच्याकडे सासरे आहेत, पुडी नाही पण कसलीतरी काळी गोळी आहे.